आईचे गुडघे, मामांचे वाकाटक आणि रामटेकचा एक दिवस

नागपूरकरांना रामटेक घरचंच वाटतं. ५० किलोमीटर, सकाळी निघायचं, दर्शन घ्यायचं, खिंडसी तलावावर नावेत बसायचं, संध्याकाळी घरी. यंदा मात्र मला जरा बसून ठरवावं लागलं. नाशिकहून मामा आले होते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्यांना वाकाटकांची, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या घराण्याची, देवळं नीट बघायची होती. आईला रामाचं दर्शन हवं होतं. तिची पंच्याहत्तरी उलटलीय आणि दोन्ही गुडघे दुखतात. दोघांचंही समाधान एका दिवसात व्हायला हवं होतं.

पहिला प्रश्न वाहनाचा. गाडी ठरवायचा विचार मी लगेच सोडला, कारण गणेशपेठच्या स्टँडवरून रामटेकच्या एसट्या सारख्या सुटतात. आईला पंच्याहत्तरीच्या वरच्यांसाठीचा मोफत प्रवास, मला महिलांचं अर्धं तिकीट, मामा पासष्टीच्या पुढचे म्हणून त्यांनाही अर्धं. आधार कार्ड मात्र सोबत हवंच, कंडक्टर विचारतात. इतवारीहून रामटेकला रेल्वेही जाते, पण तिच्या वेळेला आपला दिवस बांधून घ्यावा लागतो. म्हातारं माणूस सोबत असताना मला ते नको होतं.

दुसरा प्रश्न चढाचा, कारण रामाचं देऊळ टेकडीवरच्या गडात आहे. जुनी वाट अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी वर येते. आई लहानपणी तशीच चढलेली, त्यामुळे तिचा आग्रह तोच. "आई, पायऱ्या उतरताना गुडघ्यांचं काय होतं ते तुला माहीत आहे," एवढं म्हटल्यावर ती ऐकली. वाहन गडावर बरंच वरपर्यंत जातं, पण तिथूनही पुढे पायऱ्या आहेतच, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. 'गाडी वर जाते' म्हटलं की ते थेट गाभाऱ्यापर्यंत समजतात. रामटेकच्या स्टँडबाहेर आम्ही ऑटो ठरवला, नुसता गडापर्यंत नव्हे, तर थांबून पुढे अंबाळा, कपूर बावडी आणि नगरधनच्या किल्ल्यापर्यंत. भाव आधी, थांबायचे तास आधी, मगच बसायचं. चालक तिथलाच मुलगा होता, आईला 'आजी' म्हणत हात धरून उतरवायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ऊन. हिवाळ्यातसुद्धा अकरानंतर गडावरचा दगड तापतो आणि देवळात अनवाणी फिरायचं असतं. आईसाठी जाड मोजे पिशवीत टाकले होते, त्यांचा फार उपयोग झाला. एप्रिल-मे मध्ये वयस्कर माणसांना नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी उसळते. पौर्णिमेला देवळावर पेटणारा त्रिपूर बघण्यासारखा असतो, पण दुखऱ्या गुडघ्यांना ते दिवस नाहीत. आम्ही नोव्हेंबर संपताना आठवड्यातला साधा दिवस निवडला. पहाटेच निघालो, त्यामुळे ऊन चढायच्या आत गडावर होतो.

वर पोचल्यावर मामांनी क्रम लावला. आधी नृसिंह, मग राम. मुख्य गडाच्या भिंतीबाहेर केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह अशी दोन देवळं आहेत. बहुतेक माणसं त्यांच्याकडे न बघताच पुढे जातात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. बाहेरून ठेंगणी, साधी, लाल दगडाची देवळं. आत अंधार, म्हणून टॉर्च न्या. उजेड पडला की मूर्ती एकदम समोर येते. एक गुडघा उभा करून ऐसपैस बसलेला नृसिंह, एवढा मोठा की गाभारा त्याला पुरत नाही. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही, क्रोध नाही. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हा तर शांत बसलाय गं."

केवल नृसिंहाच्या देवळातला शिलालेख कित्येक वर्षं चुन्याखाली झाकलेला होता, १९८० च्या दशकात तो उजेडात आला. वाकाटकांची ती पेटिकाशीर्षक ब्राह्मी, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटा चौकोन. मामा बोट न लावता, हवेतच अक्षरं गिरवत होते. या लेखात प्रभावतीगुप्ता येते. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं राज्य सांभाळलं. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट 'रामगिरिस्वामीच्या पायांपाशी' दिलेला आहे, आणि रामगिरी म्हणजे हेच रामटेक. म्हणजे दीड हजार वर्षांहून आधी एक राणी याच टेकडीवर देवाच्या पायाशी येत होती. हे ऐकल्यावर आईनं मामांना तिच्याबद्दल आणखी विचारायला सुरुवात केली, आणि माझी निम्मी काळजी मिटली.

पुढे वराह. चार खांबांच्या मंडपात उभा अखंड दगडाचा प्रचंड डुक्कर. त्याच्या पोटाखालून सरपटत गेलं की पाप नसल्याची खात्री, अशी श्रद्धा. आईला मी सक्त नाही म्हटलं, मामा मात्र गेलेच.

गडाच्या आत रीत अशी की आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळातला, तेराव्या शतकाच्या अखेरचा लेख आहे, आणि गडाच्या बांधकामात नागपूरकर भोसल्यांचा हातही जागोजागी दिसतो. चष्मा, प्रसाद, पिशवी काहीच हातात उघडं ठेवू नका, वानरं क्षणात उचलतात. आईची काठी मात्र त्यांना बरोबर कळते.

उतरल्यावर अंबाळ्याच्या घाटावर बसून डबा खाल्ला. कपूर बावडीचं पाणी आणि भोवतालची कालिकेची जुनी देवळं मामा आणि मी पाहिली, आई ऑटोतच टेकली. अशा जागी एकानं बसून राहायचं हे आधीच ठरवलं की कोणालाच चुकल्यासारखं वाटत नाही.

नगरधन दुपारी. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. आज दिसतो तो किल्ला बराच नंतरचा. तिथे २०१५ ते २०१८ दरम्यान राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. सकाळी लेखात जिचं नाव वाचलं तिचीच ही राजधानी, म्हणून मी नगरधन मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. उलट क्रमानं गेलात तर तिथे नुसता तट दिसतो.

मनसरची हिडिंबा टेकडी याच दिवसात कोंबू नका. तिथले विटांचे अवशेष उन्हात फिरून बघायचे आहेत, त्याला निराळी सकाळ द्या. परतीची एसटी मनसरवरूनच येते. मामांनी खिडकीतून फाटा बघून घेतला आणि कंडक्टरला तिथे गाडी थांबते का ते विचारलं. थांबते.