बॉर्डरवरची साखर

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, एचबीए१सी, ६.१ टक्के. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "म्हणजे मला शुगर आहे की नाही?" ते म्हणाले, "बॉर्डरवर आहे." मला ते काही पटेना. आहे किंवा नाही, एवढंच मला ऐकायचं होतं. त्यांनी रिपोर्ट उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनाने एक आडवी रेघ ओढली. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि त्याच्या वर मधुमेह, आणि मधला हा सगळा पट्टा. म्हणाले, "६.४ ला एक शरीर आणि ६.५ ला दुसरं, असं नसतं हो. आम्हाला कुठेतरी खूण करावी लागते. आणि या पट्ट्यातून लोक मागेही येतात."

मग हा आकडा येतो कुठून, तेही त्यांनी सांगितलं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत जेवढी साखर त्यांना चिकटते, तेवढी या तपासणीत दिसते. म्हणजे एका दिवसाच्या लाडवाने हा आकडा बिघडत नाही आणि एका दिवसाच्या कडकडीत उपासाने सुधारतही नाही.

घरी येताना रिक्षात हेच डोक्यात घोळत होतं. मी तर याच्या अगदी उलट वागत आले. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला की मनात यायचं, आज पथ्य मोडलंच आहे. मग संध्याकाळी वडापाव, रात्री आइस्क्रीम, आणि सोमवारपासून एकदम कडक. असे किती सोमवार गेले! त्या केकच्या तुकड्याने जेवढं नुकसान केलं नसेल, तेवढं 'मोडलंच आहे' या दोन शब्दांनी केलं.

हाच नियम मी आईलाही लावला, याचं आज फार वाईट वाटतंय. तिला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. होळीच्या दिवशी तिच्या ताटातली पुरणपोळी मी सगळ्यांसमोर उचलली. "एक घाससुद्धा नाही," म्हणाले. ती काही बोलली नाही, आमटीभात खाऊन उठली. त्याआधी संक्रांतीनंतर तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला अर्धा तिळाचा लाडू मला सापडला होता. तेव्हा मी तिला खोटारडी म्हणाले होते. स्वतःच्या आईला.

आज जेवणं झाल्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहायला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. सहज मागची पानं उलटली. चौकोनाचौकोनात आईचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. उपाशीपोटी १४२. उपाशीपोटी १२८. संक्रांतीच्या चौकोनात 'लाडू अर्धा', दुसऱ्या दिवशी 'उरलेला नको'. होळीच्या चौकोनात 'पोळी अर्धी, रात्री. गच्ची २० फेऱ्या'. त्याच्या पुढच्या चौकोनात १५१, आणि दोन दिवसांनी पुन्हा १३०.

मी उभ्या उभ्या सगळी पानं वाचली. तिने काहीच लपवलं नव्हतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. माझ्यापाशी दोनच कप्पे होते, पथ्य पाळणारी आणि न पाळणारी. आणि ती इथे रोज थोडं घेऊन, थोडं सोडून, आकडा बघून पुढचा दिवस ठरवत होती. गोळ्या घेणाऱ्या माणसाने चोरून खाऊ नये, हे मला अजूनही वाटतं. ते मी तिला सांगणार आहे. पण चोरून खायची वेळ तिच्यावर माझ्यामुळे आली, हेही तितकंच खरं आहे आणि तेही मला तिला सांगायचं आहे.

"होळीला गच्चीत कधी गेली होतीस गं?" मी विचारलं.

"तू झोपल्यावर."

"एकटी? अंधारात?"

"चांदणं होतं की. पौर्णिमा नव्हती का!" मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "तुझी किती आली?"

मी सांगितलं. तिने चष्मा लावला, खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल ओढली आणि आजच्या चौकोनात स्वतःच्या १३४ खाली माझा ६.१ लिहिला. मग कॅलेंडर जागेवर लावून म्हणाली, "चल, दहा फेऱ्या मारून येऊ."