सगळं आठवतं, नाव सोडून

मेंदू हा एक नंबरचा सारवासारव करणारा प्राणी आहे असं माझं मत झालंय. खोटं वाटत असेल तर दोन्ही हात समोर ताठ करून अंगठे शेजारी शेजारी उभे धरा, डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने डाव्याच अंगठ्याकडे बघत रहा आणि उजवा अंगठा हळूहळू बाजूला न्या. साधारण वीतभर गेला की त्याचं टोक गायब! डोळ्यातून नस जिथून मेंदूकडे निघते तिथे बघायची सोयच नाहीये. पण खरी गंमत पुढेच, तिथे काळा ठिपका वगैरे काही दिसत नाही, मागची भिंत दिसते, म्हणजे मेंदूने आजूबाजूचं बघून भिंत भरून टाकली आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही.

कानाचंही तेच. १९७० साली रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापून तिथे चक्क खोकला चिकटवला आणि २० जणांना ऐकवलं, तर १९ जण म्हणाले वाक्यातलं काहीच गेलेलं नाही.

आणि असा हा पट्टीचा थापाड्या नावं आठवायची वेळ आली की मात्र सरळ हात वर करतो. चेहरा समोर, आवाज ओळखीचा, मुलगी काय शिकते तेही माहीत, आणि नाव? जिभेवर आहे हो, येत नाहीये! बरं ते पूर्ण गेलेलंही नसतं. ब्राउन आणि मॅकनील या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मधे लोकांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारला, तर ज्यांच्या अगदी ओठांवर होता त्यांनी पहिलं अक्षर निम्म्याहून जास्त वेळा बरोबर सांगितलं. म्हणजे अर्थ एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि मधला रस्ता अर्धाच चालू.

नावांचीच एवढी बोंब का तर त्यांना धरायला काही नसतं. एखादा माणूस सुतारकाम करतो म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास सगळं सोबत येतं, पण तोच माणूस आडनावाने सुतार असेल तर बिचाऱ्याला कोणी साथीला नाही, साधा बँकेत असतो तो. त्यात शेजारी बसलेला मदत म्हणून "लोहार का?" असं विचारतो, मग तर संपलंच, पुढचा तासभर डोक्यात फक्त लोहार.