सिंकखालच्या कपाटाची वही

१९ ऑगस्ट, फोन, शेठ स्वतः: 'गणपती होऊ द्या ताई, मग माणूस पाठवतो.'
१० सप्टेंबर, फोन, शेठ: 'पितरं चालू आहेत. आता नवीन कामाला हात नाही लावत आम्ही.'
१३ ऑक्टोबर, फोन, त्यांचा मुलगा: 'कारागीर गावी गेलेत, छटपूजा करूनच येतील.'

ही माझ्या वहीतली पानं. फर्निचरवाल्या शेठकडून स्वयंपाकघर नवं करून घेतलं तेव्हा त्यांच्या कोटेशनवर '७१० मरीन प्लाय' असं लिहिलं होतं. आयएस ७१० हा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा मानक क्रमांक, साध्या प्लायचा ३०३. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं आणि सनमायका सुटला. आतल्या फळीवरचा शिक्का उघडा पडला, तर तिथे चक्क ३०३.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकतच नाही. वहीच्या पुढच्या बाजूला फक्त घडलेलं लिहिते: कोण बोललं, कधी, आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत. 'उडवाउडवी केली' असं नाही लिहायचं. काय म्हणाले ते लिहायचं, उडवाउडवी आपोआप दिसते. संताप मागच्या पानांवर. तिथे मी शेठच्या सात पिढ्या उद्धरल्या आहेत, आणि ती पानं कुणाला दाखवायची नाहीत. आमचे हे म्हणत होते, सोसायटीच्या ग्रुपवर टाक सगळं. म्हणजे मूळ भांडण बाजूला, वर बदनामीची नोटीस आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांचे सल्ले!

नुसती वही म्हणजे अर्थात माझंच म्हणणं. पण घडल्या घडल्या केलेली नोंद साक्षीच्या वेळी पाहून आठवण ताजी करायला कायद्यात मुभा आहे. महिन्यांनी एका बैठकीत लिहून काढलेल्या वहीला ते वजन नाही. शिवाय प्रत्येक फोननंतर मी शेठना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवायचे: 'आत्ता आपण म्हणालात की दिवाळीनंतर कपाट बदलून देऊ. बरोबर ना?' त्यांनी एकदा नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा मला पानभर मजकुरापेक्षा मोलाचा. मग एके दिवशी चॅटमध्ये सूचना झळकली: मेसेज २४ तासांनी नाहीसे होणार, सेटिंग त्यांच्याकडून बदललेलं. त्या दिवसापासून रोज रात्री स्क्रीनशॉट. ॲडव्हान्सची पावती थर्मल कागदावरची, तिची अक्षरं पुसट व्हायच्या आत झेरॉक्स काढून ठेवली होती.

सणांची ही माळ लांबत जाते आणि मुदत मात्र थांबत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मी शेवटी शेठना पाठवलेल्या नोटिशीत लिहिलं नाही. तिथे फक्त वहीतल्या तारखा एकाखाली एक उतरवल्या, कोटेशनची प्रत आणि शिक्क्याचा फोटो जोडला, पंधरा दिवसांची मुदत दिली. पाठवली स्पीड पोस्टने. रजिस्टर्ड आता वेगळं राहिलं नाही, १ सप्टेंबर २०२५पासून ते स्पीड पोस्टातच मिळवलं. माझ्यासारखीला जरा लागलंच ते. पोच मिळाल्याचा पुरावा मात्र यातही मिळतो.

नोटीस पोचली आणि कारागीर गावाहून परतले.

नवी फळी आली तेव्हा सनमायका चिकटवायच्या आधी मी शिक्का बघायला मागितला आणि फोटो काढला. शेठचा मुलगा म्हणाला, 'काकू, एवढा अविश्वास?' मी त्याला चहा दिला आणि वाक्य वहीत उतरवलं. पुढच्या बाजूला.