दोर, खडी आणि वर्कहाऊसमधली गाणी

गेल्या शनिवारी नॉटिंगहॅमजवळ एका छोट्या हॉलमध्ये फोक म्युझिकचा शो बघून आले, व्हिक्टोरियन काळातल्या वर्कहाऊसवरचा, म्हणजे इंग्लंडमध्ये गरिबांना ठेवून काम करून घ्यायचे त्या गरीबखान्यांवरचा, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. पाच कलाकार, एक फिडल, एक कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी), एक लाकडी बाक आणि जुन्या दोरांचा ढीग, बाकी सेट वगैरे काहीच नाही.

१८३४ च्या पुअर लॉमध्ये, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या कायद्यात, असं ठरलं की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये यावं, आणि आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असावं, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी दार वाजवणार नाही. आत गेलं की अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. साठीच्या पुढच्या जोडप्यांना एकत्र राहायची मुभा मिळाली ती १८४७ मध्ये. शोमध्ये हे इतकं साधं दाखवलंय, तिघं एक गाणं म्हणत म्हणत स्टेजच्या तीन कोपऱ्यांत जातात आणि एकमेकांचा सूर ऐकू येईनासा झाल्यासारखे हळूहळू बेसूर होत जातात, मला तिथेच रडू आलं.

इंग्लंडमधल्या अँडोव्हर गावचा किस्सापण होता. तिथल्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी जनावरांची हाडं कुटायला लावायचे आणि माणसं इतकी उपाशी की त्या हाडांना चिकटलेलं मांस आणि आतला मगज खायची. १८४५ मध्ये हे बाहेर आलं, पार्लमेंटने चौकशी केली. हे नुसतं वाचून दाखवलं, वाद्यं बंद.

दोर कशाला ते मला आधी कळलंच नव्हतं. जहाजांचे डांबर लावलेले जुने दोर तुकडे करून द्यायचे आणि त्याचा धागा न् धागा बोटांनी मोकळा करायचा, तो परत जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत ठासायला वापरायचे. शो संपल्यावर एका कलाकार बाईंनी मला एक तुकडा हातात दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतो ना आपण, इथे तो पीळच नखांनी सोडवायचा! पाच मिनिटांत माझ्या अंगठ्याचं नख दुखायला लागलं, धागे निघाले असतील चार, आणि बोटांना डांबराचा वास घरी येईपर्यंत होता. बायका, म्हातारी माणसं दिवस दिवस हे करायची.

पुरुषांना खडी फोडायचं काम. तो हातोड्यांचा ठेका सुरू झाला आणि मला एकदम आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात आमची आजी खडीवर जायची. आणि हा संबंध नुसता माझ्या मनातला नाहीये, १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी खाली आणली, तेव्हा दख्खनमधल्या मजुरांनी काम सोडलं आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. मदत घेणाऱ्याला ती बोचलीच पाहिजे, हा विचार तिथलाच इथे आला होता.

पण मला सगळ्यात लागलं ते शेवटचं गाणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकगीतं गोळा करणारी मंडळी मुद्दाम वर्कहाऊसमध्ये जायची, सेसिल शार्प लंडनच्या मेरिलबोनला गेला, जॉर्ज गार्डिनर पोर्ट्समथला, कारण जुनी गाणी येणारी म्हातारी माणसं तिथेच येऊन पडलेली असायची. आणि जानेवारी १९०५ मध्ये किंग्ज लिनला व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराला जेम्स कार्टर नावाच्या मच्छीमाराने 'कॅप्टन्स अप्रेंटिस' ऐकवलं. सेंट जेम्स वर्कहाऊसमधून जहाजावर कामाला दिलेला बिनबापाचा पोरगा, त्याला कॅप्टन हाल हाल करून मारतो, आणि गाणं त्या कॅप्टनच्याच तोंडी आहे. व्हॉन विल्यम्सची 'नॉरफोक रॅप्सडी' ऐकलीत तर ही चाल त्यात आहे. त्या रात्री एका गायिकेने ते साथीशिवाय गायलं, एकटीने, आणि शेवटची ओळ झाल्यावर बराच वेळ कोणी टाळी वाजवली नाही.

रविवारी सकाळी आईला फोन केला. म्हटलं, आई, आजी खडीवर काही म्हणायची का गं? ती म्हणाली, "अगं खडीवर कुठलं गाणं, ओव्या जात्यावर. तिथे मुकादम आणि ऊन." मग जरा थांबून म्हणाली, "पण परत येताना म्हणायच्या बाया. मी कडेवर असायचे." काय म्हणायच्या ते तिला आठवेना, नुसती चाल गुणगुणली थोडी, ती मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलीये. मावशी मोठी आहे, तिला शब्द येत असतील म्हणते. आज संध्याकाळी मावशीला फोन लावणारे.