चहात बुडवलेला ब्रॅडमन

लग्नसराईत आमच्या दारव्ह्याच्या प्रेसमध्ये जेवायला फुरसत नसते. त्या दिवशी मशीनवर तीन पत्रिका चालू होत्या. चौथीच्या प्रूफमध्ये नवरदेवाच्या आत्याचं नाव सुटलं होतं आणि आत्याबाई स्वतःच येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. अशात जवळच्या खेड्यातला एक पोरगा आत आला. त्याच्या बहिणीची पत्रिका मीच छापलेली. त्यानं प्लास्टिकच्या पाकिटातून सहा लहान कार्डं काढून टेबलावर मांडली.

"काकाजी, तुमी कागदातले मानूस. हे खरे हायेत का नाही, तेवढं सांगा मले."

सिगारेट कार्डं होती. पूर्वी विलायतेत सिगारेटच्या पाकिटात असं एकेक चित्र निघायचं. पाकीट ताठ राहावं आणि गिऱ्हाईक पुढचं चित्र मिळवायला परत यावं, असा दुहेरी हिशेब. 1940 मध्ये युद्धामुळे कागद वाचवायला ते बंद झालं. टेबलावरच्या सगळ्यांच्या मागे प्लेअर्स या सिगारेट कंपनीचं नाव होतं आणि सगळ्यांत वर ब्रॅडमन, पिवळाजर्द.

"कितीले घेतले?"

"बारा हजार. कापसाचे आलते ना."

आत्याबाईंनी प्रूफ खाली ठेवलं.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे, शकुंतला या आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेवरच्या एका जुन्या गार्डच्या पेटीत निघाले, गोऱ्या साहेबानं बक्षीस दिले होते. आमच्या भागात शकुंतलेचं नाव घेतलं की माणूस अर्धा विरघळतो. उरलेला अर्धा मोबाईलनं विरघळवला. अमेरिकेतलं होनस वॅगनर नावाच्या बेसबॉलवाल्याचं एक सिगारेट कार्ड 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं, हे त्यानं पाहिलं होतं. ते खरंच आहे. पण वॅगनरची कार्डं मुळातच फार थोडी बाहेर पडली, म्हणून ती किंमत. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

क्रिकेटच्या कार्डांतलं मला काही कळत नाही. शाई मात्र कळते. ट्रेडल मशीनसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून मी या धंद्यात आहे.

ब्रॅडमन हातात घेतल्याबरोबर तो पिवळा रंग ओळखीचा वाटला. मागं एका हौशी गिऱ्हाइकाला जुन्या दस्तऐवजासारखी पत्रिका हवी होती, तेव्हा आम्ही दोनशे कागद चहात बुडवून पत्र्यावर वाळवले होते. बायकोनं आठवडाभर चहापत्तीचा हिशेब मागितला. चहाचं पाणी सुकताना कडेला सरकतं आणि तिथं गडद रेघ सोडतं, नाल्याचा पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. वयानं पिवळ्या पडलेल्या कागदावर ही रेघ नसते. ब्रॅडमनच्या चारही कडांना ती होती.

मग डॉट पाहायचं भिंग काढलं. चित्राचं सोडा, चित्र काही का असेना, मी आधी अक्षरं पाहतो. जुना छापणारा नावाची ओळ वेगळी, एका शाईत छापायचा. भिंगाखाली अक्षराचा दांडा भरीव दिसतो, कड सलग. आज कोणी जुनं कार्ड स्कॅन करून चार रंगांत काढलं, की मशीनला चित्र काय अन् अक्षर काय, सारखंच. सगळ्याचेच ठिपके होतात. 'ब्रॅडमन'मधला पहिलाच बी निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी झाला होता. पोराला भिंग दिलं. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

"हे तं आमच्या ताईच्या पत्रिकेसारखंच दिसून रायलं."

"तेच म्हणून रायलो मी."

कोपरे झिजलेले होते, पण जुनं कार्ड हाताळून झिजतं तेव्हा थर सुटतात आणि आतपर्यंत मळ जातो. इथं पॉलिश पेपर फिरवलेला. नखानं उचकलं तर आतला कागद दुधासारखा पांढरा. तरी त्याचा जीव मानेना, म्हणून शेजारच्या पतसंस्थेत गेलो. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कार्डं धरली. कागदाला पांढरं चमकवणारं रसायन सरसकट वापरात आलं ते 1950 च्या आसपास, त्यामुळे युद्धाआधीचा कागद या दिव्याखाली मंद राहतो. ब्रॅडमन चहाच्या डागांमधून लख्ख निळा उजळला. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, तसंच. कॅशियर म्हणाला, नोट असती तर जप्त केली असती.

सहावं उजळलं नाही.

नुसतं न उजळणं म्हणजे पुरावा नव्हे, तसला कागद आजही मिळतो. परत प्रेसमध्ये येऊन भिंग लावलं. अक्षरं भरीव. पाठीवर सुकलेला डिंक आणि काळ्या कागदाचे धागे. कधीतरी अल्बममध्ये चिकटवलेलं कोणीतरी ओढून काढलं असणार. चहाची रेघ कुठंच नाही. पाच खोट्यांत एक खरं घालून दिलं होतं, म्हणजे कोणी एखादंच तपासलं तर कदाचित हेच हाती लागावं.

"हा कोन हाय?"

हेडली व्हेरिटी. यॉर्कशायरचा डावरा फिरकीवाला. 1932 मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या एका डावात त्यानं 10 धावांत 10 बळी घेतले. कसोटीत ब्रॅडमनला 8 वेळा बाद केलं, तेवढं दुसऱ्या कोणाला जमलं नाही. युद्धात जखमी होऊन पकडला गेला आणि 1943 मध्ये इटलीत कैदेतच वारला. एवढं मला माहीत होतं ते आमच्या वडलांमुळे. रेडिओची कॉमेंट्री ऐकता ऐकता ते जुन्या गोष्टी काढत.

"मंग याचे बारा हजार येतीन?"

नाही येणार, म्हटलं. असली साधी कार्डं तिकडं भरपूर पडली आहेत, आणि याची तर पाठही फाटलेली. त्या माणसाला फोन लाव. त्यानं लावला. बंद. पावती नाही, चिठ्ठी नाही. ठाण्यात जा म्हटलं, तर गावात हसतील म्हणाला.

बराच वेळ तो ब्रॅडमनला उलटापालटा करत बसला. मशीनवरचा पोरगा कागद भरत होता, तिकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काकाजी, असे शंभर छापाले तुमी किती घ्यान?"

मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

"छापून देतो," म्हटलं. "पण खाली आमच्या प्रेसचं नाव अन् दारव्हा, हे येईनच."

त्यानं विचार केला. "बारीक अक्षरात?"

"पत्रिकेवर असते तेवढ्या."

त्यानं पाच कार्डं टेबलावरच सोडली, व्हेरिटी तेवढा पाकिटात घातला आणि चप्पल शोधायला लागला.

आत्याबाईंनी प्रूफ पुन्हा उचललं. "भाऊ, माह्यं नाव कुठी घेता, ते सांगा आधी."