द्रावण स्वच्छ, पत्र्यावर खड्डे

सल्फेटवर जगणारे जिवाणू पोलाद गंजवतात. दालचिनी तेलाने ते रोखता येतात का, हे आम्ही बाटल्यांत तपासत होतो. अशा चाचणीत पहिली नजर रंगावर जाते. डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, ते लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड होतं आणि बाटली काळी पडते. त्या दिवशी तेलाविना ठेवलेल्या बाटल्या डांबरासारख्या काळ्या होत्या. दालचिनी तेल लिटरला ०.२ मिली घातलेल्या बाटल्या मात्र पारदर्शक. निकाल लिहून मोकळं व्हावं, असंच दृश्य!

तेल घातलेल्या बाटल्यांतले पोलादाचे तुकडे, म्हणजे कूपन, बाहेर काढल्यावर चित्र पालटलं. खालच्या कडेला काळा, बुळबुळीत डाग. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि वर लेड अॅसिटेटचा ओला कागद धरला. कागद काळा झाला. म्हणजे डागात सल्फाइड होतं. (ही चाचणी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, म्हणजे फ्यूम हूडमध्ये करावी. सुटणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं, वास येत नाही.)

या संचात कूपनवर आधी जिवाणूंचा थर वाढू दिला होता आणि तेल नंतर घातलं होतं. तरंगणारे जिवाणू तेलाने मेले. थरातले चिकट आवरणाखाली असतात. तिथवर सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे तेलातला जिवाणू मारणारा घटक, पुरेसं पोचत नाही. द्रावणातल्या जिवाणूंवर ठरवलेली मात्रा धातूवरच्या थराला लागू करता येत नाही ती यामुळेच.

वजनातली घटही फसवते. ५० × २५ × २ मिमीच्या कूपनचं क्षेत्रफळ २८ चौ. सेंमी. समजा, ३३६ तासांत २० मिग्रॅ घटले, तर ८७.६ × २० भागिले (७.८६ × २८ × ३३६), म्हणजे वर्षाला सुमारे ०.०२४ मिमी (७.८६ ही पोलादाची घनता, ८७.६ हा एकके जुळवणारा गुणक). कुणालाही चालेल असा आकडा. पण तेवढ्याच काळात एक खड्डा ६० मायक्रॉन खोल गेला असेल, तर तिथला वेग वर्षाला दीड मिमीच्या वर जातो. म्हणून गंज काढून कूपन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि सर्वांत खोल खड्डा मोजायचा. गंज काढणाऱ्या आम्लात थोडं चांगलं पोलादही विरघळतं. न वापरलेलं कूपन त्याच आम्लातून काढून तेवढी घट वजा करावी.

तेलाचा स्वतंत्र हिशेब. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) घालून दुधाळ करतो. मग फक्त ट्वीन घातलेली बाटली हवीच, नाहीतर परिणाम कुणाचा ते कळणार नाही. बाटलीच्या रबरी बुचात तेल मुरतं आणि मात्रा घटते. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं बूच घ्यावं. लेबलवर नुसतं ‘दालचिनी तेल’ असेल तर मी ते परत पाठवते: सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य, पानांच्या तेलात बहुतांशी युजेनॉल. सालीचं तेल हवेत उघडं राहिलं की त्यात सिनॅमिक आम्ल तयार होतं, तेव्हा बाटली तपकिरी आणि काठोकाठ भरलेली असावी. ‘नैसर्गिक’ म्हणून हातमोजे काढू नयेत. सिनॅमाल्डिहाइडने त्वचेला अॅलर्जी होते.

पुढच्या संचात दोन बदल केले. थर आधी ब्रशने खरवडायचा, मग तेल घालायचं. आणि जिवाणूंची मोजणी द्रावणाऐवजी कूपनवरून पुसून घेतलेल्या नमुन्यावर करायची.