फेरी होती, तरी शिडानेच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेक्वेचे फोटो दाखवले की हा प्रश्न हमखास येतो: "राजधानी किंग्सटाउनहून तिथे तासाभरात फेरीबोट जाते, बेटावर विमानतळही आहे, मग पहाटेपासून वाऱ्यात भिजत शिडाच्या बोटीने कशाला जायचं?" आजवर मी "मजा येते" म्हणून सुटका करून घेतली. खरं उत्तर जरा लांब आहे.

बेक्वे हे कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या देशाचं बेट. जेमतेम १८ चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजारांची. फेरीने गेलात तर पोर्ट एलिझाबेथच्या धक्क्यावर उतरता. समोर दुकानं, बदामाची झाडं, टॅक्सी. छान गाव आहे, पण ते इथेच का वसलं हे धक्क्यावर उभं राहून कळत नाही. समुद्रातून आलात की अंगाला कळतं.

आम्ही चौघे उत्तरेकडच्या सेंट लुशिया बेटावरच्या सुफ्रिएरहून पहाटे चारला निघालो. बोट मित्राची, बारा मीटर लांबीची. बेक्वे तिथून पन्नासेक सागरी मैल. तिथे बाराही महिने पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणजे दक्षिणेला जाताना वारा डाव्या कुशीवर. वाटेतल्या सेंट व्हिन्सेंट बेटाच्या आडोशाला आलो तसा तो एकदम पडला. १,२३४ मीटर उंचीचा ज्वालामुखी, २०२१ च्या एप्रिलमध्ये फुटलेला, वारा अडवून उभा! शिडं नुसती फडफडायला लागली, इंजिन लावावं लागलं. त्या बेटाचं दक्षिण टोक ओलांडलं आणि बेक्वेच्या सामुद्रधुनीने आम्हाला धरलं. साठलेला सगळा वारा एकदम आला, प्रवाह पश्चिमेला ओढतोय, नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, पाणी थेट माझ्या मांडीवर. मी मालवणची, पाण्याची भीती मला तशी नाही, पण त्या तासात मी डोलकाठीच्या दोराला घट्ट धरून बसले होते.

त्याच लाटांत एका लहान होडीत एक माणूस उभा होता. एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हातात कॅमेरा. येणाऱ्या शिडाच्या बोटींचे फोटो काढून नंतर नांगरलेल्या बोटीवर आणून विकणं हा त्याचा धंदा. आमचा तो फोटो आज माझ्या दिवाणखान्यात आहे. तुम्ही पाहिला आहे.

आणि मग डेव्हिल्स टेबल नावाच्या खडकाळ टोकाला वळसा घातला की ॲडमिरल्टी बे. ही खाडी पश्चिमेला उघडते आणि वारा पूर्वेचा. म्हणजे पूर्ण बेट आपल्या पाठीने वारा अडवून धरतं. पाच मिनिटांत लाटा संपल्या. लाकूड जळल्याचा वास आला, कोंबडा आरवला. दिवसभर जे हवं होतं ते सगळं त्या वळणाच्या आत होतं. बंदर म्हणजे काय, हे ज्याला त्याची गरज पडली त्यालाच कळतं. फेरीतल्या प्रवाशाला ती गरज पडत नाही, एवढाच फरक. माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

नांगर मात्र पहिल्या खेपेला धरला नाही. सहा मीटर पाणी, तळाशी समुद्री गवत. त्यावर तो घसरत गेला. पुन्हा उचलला, फिकट निळं दिसत होतं तिथे, म्हणजे वाळूवर, टाकला आणि तीस मीटर साखळी सोडली. मी पोहायचा चष्मा लावून पाण्यात उतरले. नांगराचा फाळ वाळूत पूर्ण रुतलेला, साखळीच्या शेजारून एक चपटा मासा अंगावर वाळू उडवत सरकला. वर येऊन अंगठा दाखवला, तेव्हा कुठे चहा ठेवला.

एक गोष्ट मला फार आवडते: बंदरात शिरलात म्हणजे लगेच किनाऱ्यावर धावायचं नाही. डोलकाठीवर पिवळा बावटा चढवायचा आणि सगळ्यांनी बोटीवरच थांबायचं. तांडेलाने एकट्याने कागद घेऊन कस्टम्स आणि इमिग्रेशनच्या खिडकीशी जायचं, शिक्के झाले की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावायचा. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून हाक मारावी आणि "या" म्हटल्यावर ओटीवर चढावं, तसं.

मालवणची आठवण मला तिथे पदोपदी आली, बहुतेकदा उलट बाजूने. आपल्याकडे भरती-ओहोटीवर सगळं ठरतं. तिथे पाणी जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, तिथे उजव्या. आपण पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतो आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतो. तिथे जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, तेव्हा बऱ्याच पाहुण्या बोटी आणखी दक्षिणेला जातात किंवा जमिनीवर चढतात.

या बेटावरची माणसं बोटी बांधणारी. आता मोठ्या बोटी फारशा होत नाहीत, पण लाकडाच्या छोट्या प्रतिकृती करणारे कारागीर आहेत. एकाच्या हातात मी वीतभर लांबीची होडी पाहिली. दोन्ही टोकं निमुळती, फळ्यांचे सांधे नखाला लागत नव्हते. मूळची तशी होडी व्हेलच्या शिकारीची. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने इथल्या लोकांना परंपरा म्हणून वर्षाला सरासरी चार हंपबॅक जातीचे व्हेल मारायची मुभा दिली आहे. पूर्वापार ही शिकार शिडाच्या होडीतून आणि हाती भाल्याने होत आली. एखाद्या वर्षी एकही मिळत नाही. मला ती शिकार नको वाटते. पण ती होडी बांधणारे हात संपू नयेत असंही तितकंच वाटतं, आणि या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी धक्क्याजवळच्या बाजारात नीरफणस (ब्रेडफ्रूट) दिसला आणि मी थबकले. हे झाड ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणलं ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लाय यांनी, १७९३ मध्ये, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हे त्या देशाचं राष्ट्रीय जेवण आहे. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे हे कसं खाता?" म्हटलं, कापा करतो: मीठ, तिखट, हळद, वरून तांदळाचं पीठ, तव्यावर खरपूस. त्यांना ते पटेना. त्यांच्याकडे आख्खा निखाऱ्यांवर टाकतात, साल काळीठिक्कर होईपर्यंत. शेवटी त्यांनी एका वाडग्यात अर्धा कापून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, करून दाखव.

संध्याकाळी बोटीच्या हलत्या शेगडीवर कापा केल्या. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आईने शिकवलेलं. सकाळी त्यातल्या सहा त्याच वाडग्यात घालून वल्ही मारत धक्क्यावर गेले. बाईंनी एक तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, दुसरी शेजारच्या टोमॅटोवाल्याला दिली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मीठ जरा कमी."